दादाचा राहिलेला पेपर

"दादा, पाणी काढलंय. निवायच्या आत अंघोळ उरकून घे," बाना कलाबा अंगणातून ओरडली. कलाबा पुस्तकातून मान वर न काढता "आलो गं" म्हणाला.

ऐकणाऱ्याला यात काही वावगं वाटलं नसतं. बहिणीनं हाक मारली, भावानं ओ दिली. फरक एवढाच, की बाना कलाबा म्हणजे कलाबाची आई. आमची सगळी चिफुबू वस्ती त्या बाईला मुलाच्या नावानं ओळखायची, आणि ती मात्र पोटच्या पोराला वर्षभर दादा म्हणत होती.

आमच्याकडे मेलेल्याचं नाव बेवारस सोडत नाहीत. कलाबाचा मामा लुक्वेसा गेला, तेव्हा कुळातल्या म्हाताऱ्यांनी कलाबाला चटईवर बसवलं, पाणी पाजलं, मनगटात पांढऱ्या मण्यांचा सर बांधला आणि सांगितलं, आजपासून तू लुक्वेसा. भाचा एकुलता एक. नाही म्हणायची सोय नव्हती. नावाबरोबर त्याच्याकडे बऱ्याच गोष्टी आल्या. लग्न-मयतीतला वडीलकीचा मान आला, एक सायकल आली, आईचं दादा म्हणणं आणि आजीचं 'बाळा लुक्वेसा' आलं. आणि एक पेपर आला.

लुक्वेसामामा वकिलाच्या कचेरीत कारकून होता. केस पिकल्यावर त्यानं कायद्याची पदवी घेतली. सनदेच्या परीक्षेचे बाकी सगळे पेपर काढले. दिवाणी कार्यपद्धती आणि अधिकारक्षेत्र, हा एक पेपर मात्र तो मरेपर्यंत देत राहिला. कुठला दावा कुठल्या कोर्टात, कोणी आणायचा, कोणावर, मध्येच कोणी मेलं तर पुढे काय, हे सगळं त्या पेपरात. आमच्या देशात ही परीक्षा पास झालेला माणूस रस्त्यात भेटला तर लोक त्याच्याकडे दोनदा वळून बघतात. माझं आणि माझ्या या मित्राचं, कलाबाचं, घोडंही त्याच पेपरात अडलं होतं. त्याची तर ही शेवटची संधी. या खेपेला गेला की सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून.

पण घरात त्याची काळजी कोणाला नव्हती. आजीचं म्हणणं वेगळंच होतं. "तो पेपर सुटेपर्यंत माझा लुक्वेसा वाटेतच उभा आहे," ती भिंतीला टेकून शेंगा सोलत म्हणायची. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कलाबा पान उलटायचं थांबला की तिला बरोबर कळायचं. "बाळा लुक्वेसा, झोपलास का रे?"

मामा जिवंत होता तेव्हा आम्ही तिघं याच ओसरीवर अभ्यासाला बसायचो. एका प्रश्नावर तो हमखास पेटायचा. दावा चालू असताना वादी मेला, कुळानं रीतीप्रमाणे वारस बसवला, तो वारस कोर्टात येऊन म्हणाला की मीच वादी, तर कोर्टानं काय करावं? पुस्तकातलं उत्तर सरळ आहे. दावा मरत नाही, पण मेलेल्याच्या जागी उभा राहील तो कोर्टानं नेमलेला प्रशासक. रीतीच्या वारसाला बाहेर बाकावर बसवायचं.

"बाहेर कसा बसवशील?" मामा टेबलावर बुक्की मारायचा. "नाव घेतलं, मणी बांधले, की माणूस आला! जो समोर उभा आहे त्याच्या जागी दुसरा कशाला नेमायचा? परीक्षकाच्या घरी कधी कोणी मेलंच नाही वाटतं!"

"मामा, मार्कांपुरतं लिहा ना पुस्तकातलं," कलाबा म्हणायचा.

"तू लिही. तुझं अजून कोणी मेलेलं नाही." मग मामा खोकायचा. आधी दोनदा कोरडं, मग एकदा खोल, आणि वर घसा खाकरून, "चला, पुढचा."

हिशोबाला धरून सांगायचं तर एका उत्तरापायी माणूस नापास होत नाही. मामा मुदतींचाही घोळ घालायचा, अपिलाचे टप्पे तर त्याला कधीच लागले नाहीत. पण त्यानं सगळं अपयश त्या एका प्रश्नाच्या खात्यावर टाकलं होतं. तत्त्वासाठी नापास होतोय म्हटलं की माणसाला जरा ताठ चालता येतं.

परीक्षा आठवड्यावर आली. मी ओसरीवर कलाबाला प्रश्न घालत होतो. ऊन सरळ अंगणात पडलं होतं, बाना कलाबा कपडे वाळत घालत होती.

"वादी मेला. वारस आला. कोर्ट?"

"वारस उभा राहील," कलाबा म्हणाला. "नाव घेतलं की माणूस आला."

मी हसलो. "नक्कल छान जमते तुला."

तो हसला नाही. तो खोकला. दोनदा कोरडं, मग एकदा खोल.

बाना कलाबाच्या हातातला ओला शर्ट मातीत पडला. आजीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"सांपा," कलाबा मला हळूच म्हणाला, "हे मी नाही बोललो."

"थट्टा पुरे."

"आईशपथ. मी प्रशासक म्हणायला तोंड उघडलं होतं."

"मग परीक्षेत काय लिहिशील?"

तो मनगटावरचे मणी फिरवत बसला. "पास व्हायचं तर लिहावं लागेल, की हा माणूस तो नव्हे. म्हणजे मीच मामाला दाराबाहेर काढायचं. आणि नाही लिहिलं, तर उरलेलं आयुष्य मामा म्हणूनच नापास होत राहायचं."

"अरे, बाकीचे प्रश्न असतात की."

"तोच येणार आहे," तो म्हणाला.

तोच आला. राजधानीत, लुसाकाच्या त्या मोठ्या हॉलमध्ये कलाबा माझ्या पुढच्या बाकावर होता. प्रश्नपत्रिका उलटल्यावर त्याची मान ताठ झालेली मला दिसली. त्यानं पेन खाली ठेवलं. एका पर्यवेक्षिकेनं येऊन विचारलंही, "बरं वाटत नाही का?" त्यानं मान हलवली, शर्टाची बाही ओढून मणी झाकले आणि लिहायला घेतलं. मग थांबला नाही. मी मात्र थांबत थांबत लिहिलं, आणि त्याचं फळ मला पुढे मिळालंच. ते इथे मांडत नाही.

परतीची बस वाटेत कापिरीला थांबली. मी कणीस घेतलं, अर्धं त्याला दिलं.

"लिहिलं?"

"लिहिलं. वारसाला मृताच्या जागी उभं राहण्याचा अधिकार नाही. तो मृत नव्हे." त्यानं कणसाचा एक दाणा काढून नुसता बोटांत धरला. "शेवटचं वाक्य पुरं केलं, आणि माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, एकदा खोल. काय रे, तुला सर्दी झालीय का?"

त्याच्या मागच्या बाकावर मी होतो. मी खोकलो नव्हतो.

"धूळ फार होती," मी म्हणालो.

निकाल लागला, कलाबा पास झाला. शेजारीपाजारी जमले, बाना कलाबानं दोन कोंबड्या कापल्या, न्शिमाचं, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, मोठं पातेलं चढलं. आजीनं आधी काही खाल्लं नाही. "कोट आणा," म्हणाली.

मामानं पहिल्या खेपेलाच शपथविधीसाठी काळा कोट शिवून घेतला होता. तेव्हापासून तो प्लास्टिकच्या पिशवीत खिळ्याला होता. कलाबानं तो चढवला. मामा उंचापुरा गडी. बाह्या कलाबाच्या बोटांपर्यंत आल्या.

आजी उठली, चाचपत त्याच्याजवळ गेली. खांदे, मग दंड, मग मोकळ्या लोंबणाऱ्या बाहीत त्याचा हात शोधला. "हडकलास रे लुक्वेसा," ती म्हणाली. "तिकडे पोटभर घालत नाहीत वाटतं."

कलाबा माझ्याकडे बघत होता. योग्य उत्तर त्याला येत होतं, त्याचे मार्कही मिळाले होते.

"आता घालतील, आई," तो तिला म्हणाला.

बाना कलाबा कात्री घेऊन आली, बाहीवर खडूची खूण केली.

"कापू नको," कलाबा म्हणाला.

"अरे, चार बोटं लांब आहे! शपथ घ्यायला का नाचायला चाललायस?"

"आत दुमड. कच्चा टाका घाल."

तिनं कात्री खाली ठेवली आणि सुईत दोरा ओवला. दोरा काळा नव्हता, पांढराच होता.

शपथविधीला मी पाहुण्यांत बसलो होतो, माझ्या पुढे आजी आणि बाना कलाबा. नाव पुकारलं गेलं: कलाबा, आणि पुढे त्याच्या बापाचं आडनाव. तो उठला.

"कोणाचं नाव घेतलं गं?" आजीनं विचारलं.

"आपल्याच माणसाचं," बाना कलाबा म्हणाली.

त्यानं हात वर करून शपथ घेतली. हात खाली आणला तेव्हा कच्चा टाका उसवला. बाही सुटून मनगटावरून, मण्यांवरून खाली उतरली आणि पार बोटांच्या टोकांपर्यंत आली. ती सावरायला त्याचा दुसरा हात उचललाही गेला, पण मग त्यानं तो तसाच खाली सोडला.