आपली हवा आपणच भरणारा

मी टायर बोलतोय, निंबाच्या सायकलीचा, मागच्या चाकाचा. इतर टायर पोटापाण्यासाठी जन्माला येतात. माझा जन्म सुडासाठी झाला आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

निंबा धुळ्यात सायकली दुरुस्त करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, त्याची बायको सुनंदा माहेरी गेली. तो तिला आणायला गेला, तेव्हा तिच्या भावानं, धनसिंगनं, थट्टेत सायकलीची हवा सोडली. गावात पंप नाही.

"पाव्हना, आते पायीच जा!"

अख्खी गल्ली खिदळली. निंबा सायकल ढकलत पुढे, सुनंदाबाई मागे, अशी वरात सडकेपर्यंत गेली. त्या दिवशी निंबानं मेहुण्यावर डूख धरला.

मग वर्षभर तो माझ्या मागे लागला. माझ्या आत त्यानं बारीक रबरी नळी बसवली. चाक फिरलं की ती जमिनीवर दाबली जाई आणि ट्यूबमध्ये हवा ढकली. हवा जास्त झाली की एक झडप ती बाहेर सोडी. दुसऱ्या कुणी अशा युक्तीवर दुकान थाटलं असतं. निंबा म्हणायचा, "पहिले धनसिंग, मंग बठ्ठं." बाकी सगळं नंतर.

पुढच्या आखाजीला सुनंदाबाई पुन्हा माहेरी गेली आणि तिला आणायला निंबा आणि मी निघालो. पण धनसिंगनं सायकल सावलीत लावली, पाव्हण्याला आमरस आणि मांडे वाढले, वर मागच्या वेळची माफीही मागितली. मेल्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही! जेवून सगळे लवंडले. निंबाला चैन पडेना. शेवटी त्यानं स्वतःच माझी हवा सोडली.

निघताना तो ओरडला, "यानीच परत हवा सोडी! आते दखा!"

त्यानं टांग मारून अंगणात चकरा मारल्या आणि मी टम्म फुगलो. लोक तोंडात बोटं घालून बघत होते, धनसिंगची मान खाली गेली होती. काय सांगू, धन्य झालो!

"बस मांगे," निंबा म्हणाला.

सुनंदाबाई जागची हलली नाही. "हवा तुम्हीच सोडी. मी दखं. मन्हा भाऊनं नाव कसाले लिधं? मी येत नही." भावावर घेतलेला खोटा आळ तिला खपला नाही.

येताना माझ्यात हवा अगदी बेताची होती आणि कॅरिअर रिकामं होतं.

आता मी दुकानातल्या खिळ्यावर लटकतो. निंबा एकटा भाकरी थापतो आणि नशिबाला बोल लावतो. मी नाही लावत. बाबांनो, त्या गावाकडे गेलात तर धनसिंगला माझा निरोप सांगा. म्हणावं, तू हवा सोडली असतीस, तर तुझी बहीण आज आपल्या घरी नांदत असती.