झूल घातलेली मोटार

"मालक, जाळीवरची तेवढी झूल काढू द्या. इंजनाचा दम कोंडाय लागलाय," बिरदेव म्हणाला.

वैशाखातली दुपार. नळदुर्ग मागं पडलं होतं, अणदूर यायचं होतं. मोटार श्रीमंतरावांची, हैदराबादेतल्या कुण्या नबाबाकडून घेतलेली. निजामी गेल्यावर नबाब स्वस्त झाले होते आणि त्यांच्या मोटारी त्याहून स्वस्त. पहिली फेरी खंडोबाला, हा त्यांच्या आईचा, धुरपदाबाईंचा नवस. पोळ्याला बैलावर घालतात तशी आरशांची झूल त्यांनी मोटारीसाठी शिवून घेतली. टपावर घालून उरलेला तुकडा पुढच्या जाळीवर आवळून बांधला. इंजिनाला वारा मिळायचा तो त्याच जाळीतून.

भावकीतला म्हणून मी मागं होतो, मांडीवर नैवेद्याच्या वांग्यांचं पातेलं घेऊन. पुढून अशी धग येत होती की कच्च्या वांग्यांचं वाटेतच भरीत झालं. खोटं कशाला सांगू, मीठ तेवढं घालायचं राहिलं होतं.

"झुलीला हात लावलास तर उद्यापासनं स्टेरिंगला हात लावू नगंस," धुरपदाबाई म्हणाल्या. "देवाला बोललेलं हाय. देवळापुढंच सुटंल ती."

बिरदेव धनगराचं पोर. बापाशी भांडून मेंढ्या सोडल्या आणि सोलापुरात ट्रक धुता धुता गाडी शिकला. गाव आता त्याला 'डायवरसाब' म्हणत होतं. सासऱ्यानं तेवढ्यावरच मुलगी दिली होती. स्टेरिंग सुटलं की पुन्हा काठी आणि घोंगडं.

चढावर मोटार फुसफुसायला लागली. बिरदेवानं ती विहिरीपाशी लिंबाखाली उभी केली आणि बॉनेट उघडलं.

"आता कुणी हात लावू नका. निवू द्यायचं. मग पाणी थोडं थोडं सोडायचं."

"तवर देव तुझी वाट बघत बसंल व्हय रं?"

असं म्हणत श्रीमंतरावांनी उपरणं धरून पाण्याच्या टाकीचं झाकण पिळलं. बिरदेवानं त्यांचा हात ढकलून आपला मध्ये घातला, तोच झाकण उडालं. वाफ अशी चढली की वरची घार उकडून खाली आली. घारीचं मी वाढवून सांगतोय. बिरदेवाच्या हाताचं नाही. मनगटापर्यंत कातडी भाजल्या वांग्यासारखी सुटली.

तो विहिरीकडं पळाला. तेवढ्यात मालकांनी मोटारीतली भरली घागर तापल्या इंजिनावर ओतली. तड् असा आवाज झाला. बिरदेव पाठमोराच म्हणाला, "फुटलं."

"फुटनारच!" धुरपदाबाई कडाडल्या. "झूल काढ म्हनलास तवाच देव कोपला. जा, मेंढ्या राख आता."

"आईसाब, म्या झुलीला हातबी लावला न्हाय."

"मनात तर हुतं?"

श्रीमंतराव रिकामी घागर घेऊन उभे होते.

वस्तीवरून बैलजोडी आणली. गडी दोर बंपरला बांधत होता. बिरदेवानं एका हातानं तो सोडून खाली आसाला बांधून दिला. स्टेरिंगवर श्रीमंतराव बसले. बिरदेवाला कुणी बस म्हणालं नाही.

तो मोटारीमागून चालत निघाला. वळणावर मागून मालट्रक भरधाव आला. बिरदेव रस्त्याच्या मध्ये सरकला आणि फडकं गुंडाळलेला उजवा हात, ड्रायव्हर खिडकीतून काढतो तसा, आडवा धरला. ट्रक हळू झाला. तो मोटारीला वळसा घालून पुढं निघून जाईपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.