पन्नासाचा ठराव

"पन्नास रुपये. खेळाडू सौंसरचा असो, पांढुर्ण्याचा असो, नाई तं विलायतेचा असो. एका मॅचचे पन्नास, वरून जेवण आन् येण्याजाण्याचं भाडं. याच्यावर एक पैसा कोनी द्याचा नाई, कोनी घ्याचा नाई." भगवंतरावांनी ठरावाचा कागद टेबलावरून पुढे सरकवला. "बोल मोरेश्वर. तू काय म्हनतं?"

मोरेश्वर दाराशी उभा होता. नगरपालिकेच्या पंपघरातली पाळी संपवून तो तसाच सभेला आला होता, पायजम्याला ग्रीसचे डाग होते. समोर खुर्ची रिकामी होती. पण एकदा बसलं की उठताना उजवा गुडघा जीव काढायचा, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

भगवंतराव संत्र्यांचे व्यापारी. बारा वर्षांपासून सौंसरच्या फुटबॉल स्पर्धेचे अध्यक्ष, आणि या बारा वर्षांत स्पर्धेचा चहासुद्धा ते आपल्या पैशाने प्यायले होते. ते बोलत होते त्यात खोटं काही नव्हतं. पांढुर्ण्याचे दामोदरशेठ, कापसाचे बडे व्यापारी, दोन वर्षांपासून कामठीचे आणि नागपूरचे खेळाडू मॅचमागे पाचशे-पाचशे देऊन आणत होते. ते पाहून सौंसरच्या टीमनेही थैली सोडली. गावचे पोट्टे वर्षभर मैदानावर घाम गाळायचे आणि स्पर्धेच्या दिवशी बाकड्यावर बसून पाहुण्यांना पाणी द्यायचे. लोधीखेड्याच्या टीमजवळ पैसा नव्हता. मागच्या साली सात गोल खाऊन ते पोट्टे जे गेले, ते यंदा येतच नाही म्हणाले.

हे सगळं मोरेश्वरला ठाऊक होतं. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. अठराव्या वर्षापासून तो सौंसरच्या बचावात उभा होता. आधी केळी आणि चहावर, मग पाच रुपयांवर, मग पंचवीसवर. मागच्या साली, सदतिसाव्या वर्षी, त्या चढाओढीतच सौंसरच्या टीमने त्याला एका मॅचचे तीनशे दिले होते. तीन मॅचचे नऊशे. पंपघरात दीड महिना काढल्यावर तेवढे हातात यायचे. त्या पैशांतून अर्ध्या घरावर टिनाचं छप्पर चढलं होतं, उरलेलं अजून गळत होतं.

"लिमिट बरोबर हाय," तो म्हणाला. "आपल्या पोट्ट्यायले खेळाले भेटलं पाह्यजे. मी नाई म्हनत नाई. पन भगवंतराव, एक गोष्ट अजून लिवा त्याच्यात."

"कोनती?"

"मैदानात कोनाचा हातपाय मोडला तं त्याचा खर्च कोन करन? खेळाडूले पन्नासच द्याचे असन, तं बाकीचा पैसा तिकिटीचा तुमच्याजवळ राहीन. त्याच्यातून दवापानी करा. एवढं लिवा."

भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. बाकीचे सभासद घड्याळाकडे पाहू लागले.

"हे बी बरोबर हाय," ते म्हणाले. "पन आज एकच ठराव घेऊ. उद्या पत्रकं छापाले टाकाचे हायत. ते आपन पुढच्या सभेत घेऊ. तू सही कर. तू केली तं सारे खेळाडू करतीन."

मोरेश्वरने सही केली. पुढची सभा स्पर्धेनंतर होती.

घरी बायको यमुनाने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. तिने आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नसे.

"म्हंजे तुमी आपल्याच हातानं आपला भाव पाडून आले."

"लोधीखेड्याची टीम येऊन राहिली आता."

"येवो ना बाप्पा. त्यायच्या घरचं छप्पर नाई गळत असन." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "गुडघ्याले शेक द्या तेवढा. पानी गरम हाय."

तो शेक देत बसला. भाव पाडला हे खरं होतं. पण मागच्या साली ते नऊशे रुपये खिशात घालून मैदानाबाहेर येताना, बाकड्यावर बसलेल्या पोरांकडे त्याला बघवलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना भिडल्या की माणूस थकतो. मोरेश्वर थकला होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्पर्धा सुरू झाली. लोधीखेड्याचे पोट्टे आले. पहिल्याच मॅचला हरले, पण दोनच गोलांनी. जाताना असे हसत गेले की भगवंतराव तीन दिवस तेच सांगत फिरत होते.

पांढुर्ण्याच्या टीममध्ये मात्र कामठीचा अनिल पुन्हा दिसला. तेवीस वर्षांचा, सडपातळ, फॉरवर्डला खेळणारा. चेंडू त्याच्या पायाशी आला की आपोआप शहाणा व्हायचा. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी तो बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मोरेश्वरला भेटला आणि स्वतःहून शेजारी येऊन बसला.

"भाऊ, सही तुमची पयली होती म्हनते त्या कागदावर."

"होती."

"राग नाई आपला. पन एक सांगा. तुमी पंप चालवता. एक तारखेले पगार येते. मी काय चालवतो? हे दोन पाय." त्याने पाय लांब केले. "चार महिने छिंदवाडा, बैतूल, अमरावती. जिथं टूर्नामेंट तिथं आपन. बाकी आठ महिने घरी. हे पाय अजून पाच वर्षं चालले तं चालले. मंग मले कोन पन्नास बी देईन?"

मोरेश्वरने बशीत चहा ओतला. "मंग आला कायले पन्नासात?"

अनिल हसला. "पन्नास रजिस्टरात. भाडं साडेचारशे."

"कामठीवरून इथं याले साडेचारशे भाडं?"

"दामोदरशेठ म्हनते, गडी टॅक्सीनं आला म्हनून लिवून टाकू. आधे देल्ले, आधे फायनल झाल्यावर. तुमाले सांगून राहिलो कारन तुमी खेळनारे हा. समितीवाले नाई."

त्याच दिवशी सायंकाळी भगवंतरावांनी मोरेश्वरला मैदानावर गाठलं. आखणीचा चुना त्यांच्या धोतराला लागला होता.

"तू त्या कामठीवाल्यासंगं चहा घेत होता. किती घेऊन राहिला तो? खरं सांग. पन्नासाच्या वर असन तं पांढुर्ण्याची टीमच बाद करतो. सौंसर डायरेक फायनलमंधी."

दामोदरशेठचा राग मोरेश्वरला आला होता. पण बाद दामोदरशेठ होणार नव्हते. ते पुढच्या साली दुसऱ्या नावाने टीम उतरवतील. बाद होणार होते ते टपरीवर पुढे पसरलेले दोन पाय.

"मी इचारलं नाई," तो म्हणाला.

 भगवंतराव चुन्याची बादली उचलून कॉर्नरकडे गेले.

दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी होत्या, म्हणून सौंसर-पांढुर्णा मॅच सकाळी नऊलाच सुरू झाली. काळी माती वरून वाळलेली, खाली दवाने ओली. मैदानाभोवती माणसं झाडांवरसुद्धा चढली होती. पहिल्या वीस मिनिटांत अनिलने मोरेश्वरला दोनदा मागे टाकलं. दोन्ही वेळा चेंडू खांबाला लागून परतला. मोरेश्वरला वाटलं, आपण या मुलाच्या मागे नाही, आपल्याच वयाच्या मागे पळतो आहोत.

तिसऱ्या वेळी चेंडू दोघांच्या मधोमध आला. मोरेश्वरने सगळं अंग घालून पाय लावला. अनिलनेही लावला. दोघांचेही पाय चेंडूवरच होते. पंचाने शिट्टी वाजवली नाही, कारण वाजवण्यासारखं काही नव्हतं. पण एक आवाज झाला. वीस वर्षांत मोरेश्वरने तो आवाज दोनदा ऐकला होता. त्याने लगेच हात वर केले.

अनिल ओरडला नाही. तो नुसता आपल्या नडगीकडे बघत होता. नडगी जिथे वाकायला नको तिथे वाकली होती.

गावातले डॉक्टर प्रेक्षकांतच होते. त्यांनी संत्र्याच्या पेटीच्या दोन फळ्या मागवल्या, पाय बांधला आणि म्हणाले, "इथं नाही जमायचं. नागपूर. आत्ताच."

सगळे दामोदरशेठकडे पाहू लागले. त्यांची जीप तिथेच उभी होती.

"मी काय करू?" शेठ म्हणाले. "ठराव तुमचा हाय. रजिस्टरात पन्नास लिवले, ते हे घ्या." त्यांनी पन्नासाची नोट अनिलच्या छातीवर ठेवली. "जीप माह्या टीमले वापस न्याले लागते."

भगवंतरावांचा चेहरा उतरला. ते मोरेश्वरकडे पाहत नव्हते. "समितीच्या पैशाले हात लावाचा तं ठराव पाह्यजे," ते पुटपुटले आणि मग स्वतःशीच चिडल्यासारखे मोठ्याने म्हणाले, "माहा ट्रक संत्री घेऊन नागपूरले चालला. तनस टाका, त्याच्यात निजवा. संग कोन जाते?"

कोणी पुढे झालं नाही. पांढुर्ण्याच्या खेळाडूंना मॅच पुरी करायची होती, सौंसरच्यांनाही. मोरेश्वरने बाकड्यावरच्या एका गावच्या पोराला खूण केली, तो धावत आत गेला. मोरेश्वर शर्ट अंगावर चढवून ट्रकवर चढला. त्या मैदानावर तो पुन्हा खेळला नाही. तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्याने काही वेगळं केलं नसतं.

ट्रकमध्ये पेट्यांच्या मधल्या जागेत तणसावर अनिल पडला होता. मोरेश्वरने त्याचा पाय मांडीवर धरला होता, म्हणजे खड्ड्यात हिसका कमी बसेल. लोधीखेडा मागे पडलं.

"भाऊ," अनिल म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "त्या साडेचारशाचं तुमी समितीले सांगितलं नाई ना?"

"नाई."

"माह्यासाठी नाई सांगितलं?"

"हो."

अनिलने मान ताडपत्रीकडे वळवली. "सांगितलं असतं तं मले काहाडलं असतं," तो म्हणाला. "पाय राह्यला असता."

तो दोष देत नव्हता, नुसता हिशोब जुळवून पाहत होता.  मोरेश्वरने त्याचा पाय थोडा वर उचलून धरला. स्वतःचा गुडघा त्या भाराखाली कळा मारत होता, त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात दुपारी गर्दी होती. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता कागद ओढला. नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं.

"धंदा?"

"फुटबॉल," स्ट्रेचरवरून अनिल म्हणाला.

"धंदा विचारला, खेळ नाही विचारला." कारकुनाने काहीतरी लिहिलं. मोरेश्वरने वाकून पाहिलं. 'काही नाही' असं लिहिलं होतं.

"साहेब, ते खोडा," तो म्हणाला.

"काय?"

"फुटबॉल लिवा. तोच धंदा हाय त्याचा. पोट त्याच्यावरच हाय."

कारकुनाने आता पहिल्यांदा वर पाहिलं. मातीने भरलेली चड्डी, वर घरचा शर्ट, पिकलेले कल्ले. "तुम्ही कोण याचे?"

"समोरच्या टीमचा."

कारकुनाने त्याच्याकडे आणि मग स्ट्रेचरकडे पाहिलं. त्याने लिहिलेलं खोडलं आणि वर बारीक अक्षरात नवा शब्द लिहिला.

अनिलला आत नेलं. जाताना नर्सने त्याचे बूट मोरेश्वरच्या हातात दिले. एक शाबूत होता, दुसरा काढता येईना म्हणून कापलेला. मोरेश्वर व्हरांड्यातल्या भिंतीला पाठ लावून खाली बसला. गुडघा दुखला, पण तो बसला. आवारातल्या कडुनिंबाची एक काडी घेऊन तो बुटाच्या तळाला चिकटलेली सौंसरची काळी माती उकरू लागला. शाबूत बूट साफ झाला, तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला आणि कापलेला हातात घेतला.