बद्द आवाज

दादाने चिनी मातीच्या बाहुल्या विकायला काढल्या, हे वहिनीने फोनवर सांगितलं आणि मी हातातलं काम टाकून निघाले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाने आयुष्यात एवढा एकच शौक केला. एकशे बारा बाहुल्या. वहिनी त्यांना सवती म्हणते.

टेबलावर सगळ्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या. जुन्या वस्तूंचा दुकानदार चार वाजता न्यायला येणार होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी विचारलं.

"सगळ्यांना तडे गेलेत," दादा म्हणाला. "आतून. भिंगातून दिसत नाहीत, पण आवाज बद्द येतो."

बाहुली घेताना तो नखाने टिचकी मारून बघतो. धड असेल तर ती खणखणीत वाजते, तडा असेल तर बद्द. या टिचकीपुढे भल्याभल्या दुकानदारांची डाळ शिजलेली नाही. गेले सहा महिने मात्र तो रोज सकाळी एकेक बाहुली वाजवायचा आणि तोंड पाडून बसायचा.

मी एक नर्तकी सोडवली आणि टिचकी मारली. बारीक, स्वच्छ आवाज लांबत गेला. मग बदकवाली, छत्रीवाला म्हातारा. सगळे खणखणीत.

"बघ, बद्द," दादा म्हणाला.

वहिनीने मान खाली घातली. मला कशाला बोलावलंय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. घरात फटकळ मीच ना! पण माझीही जीभ रेटेना. कानाच्या जोरावर मिरवलेला माणूस, त्याला हे कसं सांगायचं?

"दादा, बाहुल्या धड आहेत," शेवटी मी म्हणाले. "तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कान दाखवून घे."

आता हा भडकणार, असं मला वाटलं.

"एकीलाही तडा नाही?"

"या तिघांना तर नाहीच. बाकीच्याही वाजवून दाखवते."

"म्हणजे कान गेले होय!" दादा चक्क हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "अगं, मला वाटलं मीच त्यांना उन्हाच्या खिडकीत ठेवून वाट लावली."

वहिनी दुकानदाराला नको म्हणून कळवायला आत गेली. दादाने खुर्ची ओढली आणि माझ्या अगदी समोर बसला.

"हं, वाजव," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडे बघतो."