मोडलेल्या प्रेमाचं इंग्रजी

कपडे अल्टर करून देणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिघंच कामाला होती. पायमशीनवर मावशी, इस्त्रीच्या टेबलाशी तात्या आणि खिडकीखालच्या स्टुलावर काज-बटणं करणारी एक पोरगी. अंगाने बारीक आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. त्या वर्षी मात्र चिमणी तीन आठवडे गप्प होती. तिचं एका मुलाशी जमलं होतं, ते मोडलं. तिचं तोंड मिटलं आणि मोबाइल सुरू झाला. मोबाइलवर एकच गाणं, तेही इंग्रजी, दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत.

गाणं तेव्हा सगळीकडेच वाजत होतं. बसमध्ये, समोरच्या सलूनमध्ये, शेजारच्या चपलांच्या दुकानात. कोणी बाई सोडून गेलेल्या माणसाला चार गोष्टी सुनावते आहे, एवढं तिच्या आवाजावरूनच कळायचं. तात्या म्हणायचा, या बाईचं आणि त्या बाबाचं एकदाचं मिटवून टाका कोणीतरी, माझ्या इस्त्रीच्या घड्या वाकड्या पडायला लागल्यात.

एके दिवशी मावशीने चिमणीला विचारलं, "अगं, पण ती म्हणते तरी काय?"

चिमणीला वाटलं, मावशी आपलं मन रमवायला विचारते आहे. तसं काही नव्हतं. मावशीच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, माणसं चांगली, पण त्यांची भाषा वेगळी. दोन्ही घरांना मिळून अर्धीमुर्धी येणारी एकच भाषा होती, ती इंग्रजी. मावशीला स्वतःची भाषा लिहितावाचता येऊ लागली तीच चाळिशीनंतर, मापांची वही ठेवायची म्हणून. आता व्याही महिन्याभरात घरी येणार होते. लेक म्हणाली होती, "आई, तू काळजी करू नकोस. तू बोल, मी त्यांना सांगते."

नेमकी तिथेच तर अडचण होती. मावशीला विहीणबाईंना एकच गोष्ट सांगायची होती आणि ती लेकीने कधीच सांगितली नसती. लेकीला दुखलंखुपलं की ती "काही नाही, बरी आहे" म्हणायची. चौथीत असताना शाळेच्या कवायतीत पाय मुरगळला, तर ही दिवसभर त्याच पायावर उभी. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, काही नाही. वेणी घालताना मावशीने पुन्हा एकदा विचारलं आणि मग जे रडू फुटलं, ते आवरेना. पाय नुसता मुरगळला नव्हता, मोडला होता. तेव्हापासून मावशीला पक्कं ठाऊक होतं, की हिचं पहिलं उत्तर वरचं असतं आणि दुसरं आतलं. हे ज्या घरात कोणाला माहीत नाही, त्या घरात पोर राहायला जाणार. दुभाषी म्हणून हिलाच मध्ये बसवलं, तर ही आईच्या तोंडचं वाक्य गिळून "आई म्हणते, चहा घ्या" म्हणून मोकळी होईल.

म्हणून मावशीला स्वतःचं इंग्रजी हवं होतं. आणि कानावर पडणारं इंग्रजी तेवढं एकच होतं.

"मावशी, हे सगळं सोडून जाण्याचं इंग्रजी आहे," चिमणी म्हणाली. "यातलं व्याह्यांपुढे काय बोलणार?"

मावशीच्या हातात तेव्हा एक शर्ट होता, मानेपाशी झिजलेला. अशा शर्टाची कॉलर ती उसवायची, झिजलेली बाजू खाली घालून पुन्हा शिवायची. शर्ट आणखी दोन वर्षं निघायचा आणि घालणाऱ्यालाही कळायचं नाही. तिने कॉलर उलटून चिमणीला दाखवली. "अशी. कापड तेच, बाजू दुसरी."

मग शिकवणी सुरू झाली. मापांच्या वहीत डाव्या पानावर आपल्या अक्षरांत गाण्याची ओळ, उजव्या पानावर अर्थ. अर्थ मावशी आपल्या हिशोबाने लावून घ्यायची. फॉलिंग अपार्ट म्हणजे शिवण उसवणं. होल्ड ऑन म्हणजे टाचणी लावून ठेवणं. लेट गो म्हणजे सुई वर घेऊन कापड सोडून देणं. मूव्ह ऑन म्हणजे दोरा तोडून पुढच्या कपड्याला लागणं. हे शेवटचं ऐकून चिमणी बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, एवढंच का ते, मी उगाच महिनाभर दोरा धरून बसले.

एका दुपारी गाणं तिसऱ्या कडव्याला आलं आणि चिमणीने अर्थ सांगितला. ती बाई म्हणते, मी म्हटलं मी बरी आहे आणि तू खरं मानलंस. दुसऱ्यांदा कधी विचारलंच नाहीस.

मावशीचा पाय मशीनवर थांबला. "पुन्हा सांग."

चिमणीने पुन्हा सांगितलं. मावशीने ती ओळ वहीत दोनदा लिहिली. आय सेड आय वॉज फाइन, अँड यू बिलीव्ड मी. यू नेव्हर आस्क्ड मी ट्वाइस. मग चिमणीने त्या ओळीची कॉलर उलटून दिली: माय डॉटर सेज, आय ॲम फाइन. डोन्ट बिलीव्ह. आस्क ट्वाइस.

पंधरा दिवस तालीम चालली. तात्या विहीणबाई व्हायचा. इस्त्रीची चादर खांद्यावर घेऊन स्टुलावर असा टेचात बसायचा, की चिमणीला सुईत दोरा ओवता यायचा नाही. त्याला इंग्रजी एकच येत होतं, थँक्यू. मावशीने काहीही म्हटलं की तो मान वाकवून थँक्यू म्हणायचा. मावशी म्हणायची, अशी गोड विहीण मिळाली तर शिकायचीच काय गरज.

व्याही आले त्या दिवशी मावशीच्या दोन खोल्या लखलखत होत्या. टेबलावर धुतलेली चादर, खिडकीला नवे पडदे. विहीणबाई एकट्याच वर आल्या. त्यांना खाली उतरवून यजमान आणि मुलगा गाडी लावायला गेले होते आणि परत येताना गल्ली सापडेना म्हणून लेक आणि तिचे बाबा खाली धावले. जाताना लेक म्हणाली, "आई, पाच मिनिटं नुसती हसत बस."

दारात उंच, चष्मेवाल्या विहीणबाई. मावशीने हात जोडले आणि तोंडातून ओळ बाहेर पडली ती न उलटलेली, गाण्यातली जशीच्या तशी. आफ्टर ऑल धिस टाइम, यू आर स्टँडिंग ॲट माय डोअर. इतका काळ लोटला आणि आज माझ्या दारात उभी.

विहीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. मग कसनुसं हसून आत येऊन बसल्या. मावशीने घाईघाईने बिस्किटांची ताटली पुढे केली आणि म्हणाली, "टेक एव्हरीथिंग. आय डोन्ट नीड एनीथिंग फ्रॉम यू."

विहीणबाईंनी एक बिस्किट उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

उलटलेल्या ओळी कुठे गेल्या होत्या कोण जाणे. त्या सगळ्या मशीनच्या ठेक्यावर पाठ केलेल्या, आणि इथे पायाखाली मशीन नव्हतं. जिन्यावर कधीही पावलं वाजली असती आणि मग संपलंच. मावशीने डोळे मिटले, जमिनीवरच पाय मारायला सुरुवात केली आणि गाणं पहिल्यापासून गुणगुणायला लागली.

दुसऱ्या ओळीपाशी तिला टकटक ऐकू आली. विहीणबाई बिस्किट खाली ठेवून बोटाने कपावर ताल धरत होत्या. तिसऱ्या ओळीला तर त्याही गुणगुणायला लागल्या, मावशीहून बेसूर. दोघी तिसऱ्या कडव्यापर्यंत अशा पोचल्या. आय सेड आय वॉज फाइन, अँड यू बिलीव्ड मी. तिथे मावशी थांबली, पाय थांबला. तिने लेक गेली त्या दाराकडे बोट केलं.

"माय डॉटर," ती म्हणाली. "शी सेज, आय ॲम फाइन. डोन्ट बिलीव्ह. आस्क ट्वाइस."

विहीणबाईंनी चष्मा काढला. दोन बोटं वर करून विचारलं, "ट्वाइस?"

"ट्वाइस. फर्स्ट टाइम, लाय. सेकंड टाइम, क्राय."

विहीणबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग खुर्ची ओढून जवळ आल्या आणि त्यांच्याही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या. मावशीला त्यातलं निम्मंअर्धं कळलं, पण मुद्द्याचं कळलं. माय सन, नो ईट, मीन्स अँग्री. त्याच्याशी बोलायला जाऊ नका, ताट झाकून ठेवा, तासाभराने येतो. मावशीने मान डोलावली. हे लेकीच्या कानावर घालायचं, असं तिने मनातल्या वहीत लिहून घेतलं.

लेक धापा टाकत वर आली तेव्हा दोघी एकाच ताटलीतून बिस्किटं खात होत्या. कशाबद्दल बोलत होता, असं तिने दोघींना दोन भाषांत विचारलं. मावशी म्हणाली, कशाबद्दल नाही, गाणं म्हणत होतो. लेकीचा विश्वास बसला नाही.

लग्नाला दोन महिने झाल्यावर दुकानात चिमणीच्या मोबाइलवर लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, सासूबाई मला सगळं दोनदा विचारतात. चहा हवा का, दोनदा. ऑफिस कसं होतं, दोनदा. मला आधी वाटलं, ऐकू कमी येतं."

तात्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"परवा अंगात ताप होता," लेक पुढे म्हणाली. "मी म्हटलं, बरी आहे. त्या गेल्या, दारातून परत आल्या आणि पुन्हा विचारलं. मग काय, बसले रडत. दिवसभर पायाशी बसून होत्या."

"आता बरी आहेस ना?"

"बरी आहे."

मावशीने चाक हाताने फिरवून एक टाका घातला. मग म्हणाली, "बरी आहेस?"

पलीकडून हसू आलं. "खरंच बरी आहे, आई."

मावशीने फोन चिमणीच्या हातात दिला आणि पुढची कॉलर मशीनखाली सरकवली.