दाराचं अर्धवर्तुळ

खडूचा तुकडा आता इतका लहान झाला होता, की रेघ ओढताना नखच लादीला घासत होतं, कर्र... आणि पलंगाची चौथी बाजू तर अजून बाकी होती. तेजश्रीनं ती एका दमात ओढली. उभी राहिली. सहा फूट रुंद, साडेसहा लांब, पलीकडच्या भिंतीला चिकटलेला पांढरा पलंग. झोपावंसं वाटावं असा.

खोली अकरा बाय साडेआठ. साडेआठातून सहा गेले, अडीच उरले. अडीच फुटांतून माणूस आरामात चालतो. रंगाचं गणित कालच झालं होतं — चार भिंती ३५१ चौरस फूट, वजा दार १९.५, वजा खिडकी १२, राहिले ३१९.५. दार-खिडकी वजा करा रे, दाराला काय भिंतीचा रंग देणार आहात? हे ती शिकवणीच्या मुलांना दरवर्षी ओरडून सांगते. त्याच शिकवणीच्या पैशांतून चाळीस हजार. पलंग अठरा, रंग सात, टेबल पाच, पडदे-गादी दहा. बरोब्बर. इतकं बरोब्बर, की तिला स्वतःचाच संशय आला.

पलंग सहा फुटीच हवा, त्याला कारण तांदूळ. या घरात वर्षाचा तांदूळ आतल्या खोलीतच राहतो, म्हणजे तिच्या आणि राजेशच्या खोलीत. दिवाळीनंतर खोली लहान होते, पोत्यांनी भरते, मग घरानं जेवत जेवत ती श्रावणापर्यंत मोठी होते — क्षेत्रफळ खाणारी आणि परत देणारी पोती! — फक्त दारापाशी राखीव ठेवलेली चार कधीच हलत नाहीत. सहा फुटी पेटीच्या पलंगात बाराही पोती मावतात. पाच फुटीत दहा. म्हणून सहा. आज सकाळी नवऱ्यानं, राजेशनं, खालापूरला कामाला जायच्या आधी सगळी पोती पडवीत नेऊन ठेवली, आणि सासूबाई, अंबाबाई, काठी घेऊन कोंबड्यांवर पहारा द्यायला बसल्या. कर्जतच्या युनूसभाई सुतारांना माप दुपारी बाराच्या आत कळवायचं होतं. जुम्म्याच्या नमाजनंतर ते प्लाय कापायला घेणार. एकदा कापली की कापली.

"काय गं, भुईवर काय काढलंस?" अंबाबाई आत आल्या.

"पलंग, आई."

"मंग मी आता पलंगावर उभी हाय?"

"हो. चपला घालून."

"अगं बाय!" त्या खरंच उडी मारून रेघेबाहेर गेल्या, आणि मग दोघी इतक्या हसल्या, की पडवीतल्या कोंबड्यांना तेवढ्यात एक पोतं मोकळं सापडलं. अंबाबाई काठी उगारत धावल्या.

...आणि वारा आला. खिडकीतून, डोंगराकडचा. पोत्यांनी आजवर भिंतीला दाबून धरलेलं दार — पण ते दार होतं? लग्नापासून चौदा वर्षं ती त्याला भिंतच समजत आली होती — हललं. कुरकुरलं. हळूहळू खोलीभर फिरत आलं, खडूच्या पलंगावरून, रेघेच्या अर्धा फूट आतून, सहज, जणू पलंग नाहीच... आणि लागलं.

शांत.

दाराची आतली बाजू तिनं कधी पाहिलीच नव्हती. पोपटी! कालच दिल्यासारखा रंग. चौदा वर्षं साडी बदलायची तर कपाटाचं दार उघडून त्याच्या आडोशाला, भांडायचं तर कुजबुजत, हसायचं तर उशीत तोंड खुपसून. आणि हे इथंच होतं, तांदळामागे. मी दार वजा केलं. दरवेळी. ते फिरतं, त्याला जागा लागते, हे माझ्या गणितात कुठेच नव्हतं.

तिनं दोरी घेतली. एक टोक बिजागरीपाशी पायानं दाबलं, दुसऱ्याला खडू. त्रिज्या तीन. अर्धवर्तुळ. चौदा चौरस फूट आणि वर थोडं, खोलीचा जवळजवळ सातवा हिस्सा, आणि तिथे ठेवायचं काय? काहीच नाही. सगळ्या खोलीत सगळ्यात महाग जागा.

सहा फुटी पलंगाला दार अडणार. पाच फुटीला नाही. आणि दोन पोती उरणार.

"दार का लावलंस गं?" बाहेरून अंबाबाई.

"वाऱ्यानं लागलं, आई. मोजतेय मी."

"मोज. पण कडी नको घालू, ती गंजलीय. अडकशील, मंग राजेशला बोलवावं लागंल."

फोन वाजला. "वहिनी, किती धरू? सहाच ना?"

"पाच, युनूसभाई."

"राजेश तर बोलला सहा."

"त्यांना मी सांगते. पाच."

सांगून टाकलं. आता बाराला दहानं भागलं, बाकी दोन. बाकी उरली म्हणजे गणित चुकलं असं नसतं रे, बाकीसुद्धा उत्तरातच लिहायची — हेही तीच सांगते मुलांना. पण मुलांची बाकी वहीत राहते. ही तर पडवीत आहे, पन्नास-पन्नास किलोची, आणि तिच्याशेजारी काठी घेऊन अंबाबाई. आई, दोन पोती तुमच्या खोलीत... कशाला गं? ... आई, आम्हांला दार... नाही, असं नाही. असं कसं म्हणणार...

ती अर्धवर्तुळात बसली. पाय पसरले, ते रेघेच्या आतच मावले. गंजलेली कडी डोक्याच्या वर जरा उंचावर. बाहेर अंबाबाई कोंबडीला शिव्या देत होत्या, अगदी जवळून, आणि तरी पहिल्यांदाच, पलीकडून.

उठते. सांगतेच. काहीतरी सुचेल. जरा बसते आधी.