लघिमानंदांचा काटा

गुरुत्वाकर्षणाचा जगातला पहिला पराभव इंदुरात, सुदामा नगरच्या सामुदायिक भवनात, गुरुवारी सकाळी अकरा वाजता होणार होता. माइक चालेना म्हणून तो पावणेबाराला झाला.

लघिमानंद महाराज बायकांचं वजन तीन मिनिटांत उतरवत. आत तीनशे बायका, दाराशी त्यांना सोडायला आलेले ढेरपोटे नवरे. उपचारासाठी मात्र त्यांतला एकही आत आला नाही. माझंही पोट सुटलेलं आहे, म्हणून मी चौकशी केली. "आप तो ठीक हो, बाबूजी," असं सांगून दारावरच्या सेवेकऱ्यानं मला मागची खुर्ची दिली.

विधी सोपा होता. बाईनं काट्यावर हात जोडून उभं राहायचं आणि महाराजांच्या चेल्यानं, देवेंद्रनं, आकडा माइकवर ओरडायचा. "ब्याऐंशी किलो!" सभागृह 'हाय राम' म्हणायचं, बाईची मान खाली जायची.

"बहनजी, ये चरबी नहीं, पिछले जनम का बोझ है," महाराज समजावत. मग मंत्र. मग काट्यावरूनच समोरच्या स्टुलावरच्या पादुकांवर दोन्ही तळवे टेकून मनोभावे वाकायचं. की देवेंद्र पुन्हा ओरडे, "शहात्तर!"

"जितनी श्रद्धा, उतनी कटौती!" महाराज म्हणत, आणि टाळ्या पडत.

माझी बहीण कुमुदिनीताई लेकीला, अस्मिताला, घेऊन आली होती. अस्मिता इंदुराजवळ राऊ गावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. स्थळाकडून निरोप आला होता, 'मुलगी पसंत आहे, फक्त आठ किलो कमी करून द्या.' कोथिंबीर निवडून मागावी तसा. तेव्हापासून तीन आठवडे पोरीला घरी मुगाचं पाणी. मंगळवारी ती फळ्यासमोरच कोसळली. आता महाराजांनी सांगितलं की पुढचे एकेचाळीस दिवस नुसतं अंगाऱ्याचं पाणी.

"ताई, मारशील पोरीला," मी म्हटलं.

"तू गप रे. लग्न मोडलं तर तू करणार आहेस का तिच्याशी?" तेवढं बोलून ताईनं पदर डोळ्यांना लावला. अस्मिता काट्याकडे निघाली ती या पदरापायी.

"अठ्ठ्याहत्तर किलो!"

"अरे भिया, मंडप का दरवाजा चौड़ा करवाना!" दारातून एक नवरा बोलला. तीनशे बायका हसल्या. त्यांतल्या काही जणींची मान नुकतीच याच काट्यावर खाली गेली होती.

अस्मिता वाकली, पादुकांवर हात टेकले. "एकाहत्तर!" टाळ्या. तिनं हात उचलले. अठ्ठ्याहत्तर. टेकले, एकाहत्तर. उचलले, अठ्ठ्याहत्तर. टाळ्या अर्ध्यावर राहिल्या.

"श्रद्धा डगमगा रही है, बेटी!"

"श्रद्धा जागेवर आहे, महाराज. माझे सात किलो तुमच्या स्टुलानं उचलून धरलेत. हात टेकले की भार वाटला जातो. जी जास्त भाविक ती जास्त टेकते, म्हणून तिचं वजन जास्त उतरतं. देवेंद्रजी, आप आइए."

देवेंद्र शहाण्णव भरला. पादुकांवर रेलला आणि अठ्ठावन्नवर आला.

"हाय, ये तो हमारी बहू से भी दुबला हो गया!" एक आजी ओरडल्या. या हशात महाराज फोन आल्याचं सांगून मागच्या दारानं गेले.

पण बायका उठेनात. एकीनं हळूच विचारलं, "मग खरंच उतरवणारे महाराज कुठे बसतात?"

माझं डोकं फिरलं. मी माइक घेतला. "बायांनो, काट्याची लबाडी सात किलोंची. पण तो आकडा ऐकून मान खाली घालायला त्या भोंदूनं शिकवलं नाही. ते आपण घरी शिकवलं. पोरगी पाहायला येणाऱ्यांनी, दारातून हसणाऱ्यांनी. आणि ताई, तू. मीही रोज मुगाचं पाणी पाहत होतो आणि गप्प होतो. चमत्कार दिसला की म्हणा, हात उचलून दाखव. आजारी असाल तर डॉक्टरकडे जा. आणि पोरीच्या अंगाचा आकडा कुणी ओरडला, तर त्याच्या हातातला माइक..."

अस्मितानं तो माइकच काढून घेतला, बंद केला आणि आईपाशी जाऊन बसली.

"आई, भूक लागलीय. कचोरी आण ना. आणि मी खाताना माझ्याकडे बघू नकोस."